एका डोळ्याची प्रार्थना

याकोब मास्तर एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करतात, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी उलट एकच प्रश्न विचारला, "आणि तुला कसं दिसलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे शोभेलसं उत्तर नाही. मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. प्रार्थना संपली की लगेच सूर धरायचा असतो, तेव्हा पेटीवाल्याला लक्ष ठेवावं लागतं, असं मी सांगतो. बायकोने हे कारण लग्न झाल्यापासून एकदाही मान्य केलेलं नाही. खरी गोष्ट अशी की डोळे मिटून बसलेल्या माणसांचे चेहरे फार बघण्यासारखे असतात. पंच कमिटीतले कडक गृहस्थ लहान पोरासारखे ओठ पुढे काढतात. कुणी भुवया अशा उंचावतो की जणू देव माळ्यावर बसलाय. लहानपणापासूनचा माझा हा चोरटा नाद. एका संध्याकाळी मी असाच सगळ्यांवरून नजर फिरवत होतो, तर समोरच्या रांगेतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

तो याकोब रणपिशांचा उजवा डोळा. माझ्यावर तो क्षणभरच टेकला आणि परत दाराकडे गेला. दाराशी खुर्चीवर त्यांची आई बसली होती.

हे झालं सेमिनरीच्या वर्गात. सोलापुरात आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पाळक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग भरायचे. दिवसभर नोकरी करायची, संध्याकाळी ग्रीक आणि इब्री, म्हणजे हिब्रू, शिकायचं, आणि रविवारी कुणाच्या तरी घरी जाऊन प्रार्थना चालवायची, अशी ती व्यवस्था. मी सासऱ्यांच्या आग्रहाखातर नाव घातलं होतं. मास्तर स्वतःहून आले होते, तेही चाळिशी उलटल्यावर.

आम्ही दोघं नोकरीला एकाच ठिकाणी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. मी हिशेब बघायचो, ते कटिंग मास्तर. कापडाचे थरावर थर रचून त्यावर यंत्राचं पातं फिरवायचं, हे त्यांचं काम. पातं एकदा फिरलं की पंचवीस पोरांच्या चड्ड्या एकदम सुधारतात किंवा बिघडतात. मास्तर मापं घ्यायचे, पातं सुरू करायचे आणि लगेच बंद करायचे. "थांब जरा, परत एकदा बघतो." हे त्यांचं वाक्य. चहाचे पैसे देताना, रस्ता ओलांडताना, वर्गात सरांच्या प्रश्नाचं उत्तर देताना, सगळीकडे आधी हेच. घराला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत यायचे आणि कुलूप बघायला परत जायचे. वहिनी म्हणायच्या, "लग्नात अक्षता पडायच्या आधी पण हेच म्हणतात की काय, अशी धास्ती होती मला." त्यांच्या लग्नात अक्षता नव्हत्याच. पण वहिनींच्या माहेरच्या गावात सगळ्या लग्नांना अक्षताच म्हणतात.

काळजी हा त्यांचा स्वभाव होता हे खरं, पण नुसता स्वभाव नव्हता. घरात सगुणाआजी होत्या.

सगुणाआजी म्हणजे मास्तरांची आई. त्यांचे यजमान मंद्रूपच्या बाजूला खेडोपाडी फिरणारे उपदेशक होते आणि त्यांची प्रार्थना लांबीसाठी प्रसिद्ध होती. आधी घर, मग शेजार, मग गाव, मग तालुका, मग देश, आणि सगळ्यात शेवटी जग. सगळे डोळे मिटून बसले की आजी हळूच उठायच्या आणि चुलीकडे जायच्या, कारण तव्यावर भाकरी असायची. जगापर्यंत थांबलं असतं तर घरात रोज कोळसा खावा लागला असता. ती उलटून परत येऊन बसायच्या, आणि आमेन सगळ्यांच्या बरोबर म्हणायच्या. यजमानांना हे जन्मभर कळलं नाही.

आता आजींची आठवण गेली होती. यजमान वारले हे त्या विसरल्या होत्या, मुलाचं नाव दिवसाआड विसरायच्या. पण प्रार्थना सुरू झाली की तव्यावर भाकरी आहे, हे काही केल्या विसरत नव्हत्या. कुणीही, कुठेही डोळे मिटले की आजी उठून चालू लागायच्या. आणि आता त्यांना परतीचा रस्ता सापडत नव्हता.

तेव्हा इतरांच्या घरात ज्या वेळी शांतता असते, नेमकी तीच वेळ मास्तरांच्या घरात धोक्याची. वहिनी एका दवाखान्यात नर्स, त्यांच्या पाळ्या बदलत्या, म्हणून संध्याकाळी मास्तर आजींना वर्गाला घेऊनच यायचे. वहिनी दिवसपाळीला असल्या की मास्तर कारखान्यातून शेजारणीला फोन करायचे. "आई हाय का? दिसती का? आत्ता दिसती का?" शेजारीण वैतागून म्हणायची, "मास्तर, भाजी चिरू का तुमच्या आईकडं बघत बसू?" मग त्यांनी कारखान्यातली युक्ती घरी नेली. आपण पोरांच्या शर्टाच्या आत नावाची पट्टी शिवतो, तशी आजींच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला नाव आणि फोन नंबर शिवला. बारीक टाके, दुहेरी दोरा. शिवून झाल्यावर ओढून बघितला. परत एकदा बघितला.

अभ्यास कधी करायचा? पाणी यायच्या दिवशी पहाटे नळापाशी हंडे लावून ते ग्रीक क्रियापदं पाठ करायचे. इब्री कारखान्यात. कापडावर खूण करायच्या खडूने ते प्रत्येक थप्पीच्या वरच्या तुकड्यावर एक अक्षर गिरवायचे आणि काम झालं की ब्रशने झटकून टाकायचे. जूनच्या तोंडावर घाई होती, म्हणून मी मदतीला गेलो आणि कापलेल्या थप्प्या उचलून शिलाईकडे धाडल्या. झटकायच्या राहिल्यात हे मला कसं कळणार? दुपारी मालक, म्हणजे आमचे अण्णा, आले. कपाळावर विभूती, हातात खाकी चड्डी.

"एनप्पा इदु?" अण्णा चिडले की आधी कानडीत चिडायचे. "काय हे? करणी-बिरणी केली का काय कुणी माज्या मालावर?"

मास्तरांना घाम फुटला. "अण्णा, इब्री हाय. देवाच्या पुस्तकाची भाषा."

"कुणाच्या देवाच्या?"

"आमच्या."

अण्णांनी चड्डी उलटसुलट करून पाहिली. अक्षर नेमकं बसायच्या जागेवर होतं. "कुणाच्या का असंना, देवाची अक्षरं हितं बरी दिसत्यात का? पुसून घ्या सगळी. हातानं पुसा, पाय लावू नका."

आम्ही सगळा माल बसून झटकला. तरी थोडा त्याआधीच मोडनिंबच्या एका शाळेला गेला होता. पुढे कितीतरी दिवस मास्तर डबा खाता खाता थांबायचे. "प्रकाश, तितं एखादं पोरगं देवाच्या नावाचं पयलं अक्षर घेऊन बाकावर बसत असंल रं." मी म्हणायचो, "पहिल्या धुण्यात गेलं असेल, मास्तर." त्यांचा घास तसाच हातात.

वर्गातून रविवारी आम्हाला घरसभांना पाठवायचे. कुणाच्या घरी जमायचं, गीत म्हणायचं, प्रार्थना करायची. एका घरी आजोबा फार आजारी होते. मी उशिरा पोचलो. दारात चपलांचा ढीग, आत बायका पदराने डोळे पुसताहेत. मला वाटलं, आटोपलं. आणि प्रार्थना नेमकी मला करायला सांगितली. मी डोळे मिटले, आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून मिटले, आणि मागे राहिलेल्यांचं सांत्वन मागायला सुरुवात केली. आजोबांच्या कष्टांचं वर्णन केलं. ते आता प्रभूच्या मांडीवर विसावले आहेत, असंही म्हणालो. इतक्यात मास्तरांनी माझा गुडघा असा दाबला की मी कळवळून गप्प झालो, आणि त्यांनी त्याच सुरात पुढे सुरू केलं, "...आणि हे प्रभू, जे अजून आमच्यात हायेत, त्यांना तू भरपूर आयुष्य दे."

पडद्यामागच्या खाटेवरून आवाज आला, "मी हाय की अजून. कोण गेलं?"

मास्तरांना पडदा हललेला दिसला होता. उघडा डोळा कामी आला होता. निघताना आजोबा घरच्यांना म्हणाले, "ह्या पेटीवाल्याला परत आणू नका."

परतताना स्कूटर मास्तर चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "एका डोळ्याची प्रार्थना पोचती का रं?"

मी अजून गुडघा चोळत होतो. म्हणालो, "अर्धी पोचत असेल."

सिग्नल सुटला तरी ते निघेनात. मागून हॉर्न वाजले. पुढे मला कळलं की त्या दिवसापासून ते प्रत्येक प्रार्थना दोनदा करायला लागले होते. दोन अर्धे मिळून एक होईल म्हणून.

वर्ष संपताना ग्रीकने मला सोडलं, किंवा मी ग्रीकला. मी वर्गात फक्त पेटी वाजवायला उरलो. मास्तर तीन वर्षं टिकले. पण पाळकाची दीक्षा मिळायची तर शेवटी एक परीक्षा असते, भरल्या चर्चमध्ये पूर्ण उपासना चालवायची. पहिल्या वेळी आदल्या दिवशी आजी न्हाणीघरात पडल्या, डोक्याला टाके पडले. दुसऱ्या वेळी वहिनींना डेंग्यू. सेमिनरीच्या वर्गांचे प्रमुख भालेराव सर शिस्तीचे होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी दोन्ही वेळा तारीख पुढे ढकलली आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "रणपिसे, आता ही शेवटची. यानंतर मी तुमचं नाव पुढे पाठवू शकणार नाही."

आणि त्याच आठवड्यात वर्गात प्रार्थना संपल्यावर सर म्हणाले, "रणपिसे, तुमचा एक डोळा उघडा असतो." सरांना कसं दिसलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"सर, आई..."

"प्रार्थना म्हणजे पहारा नव्हे. ज्याच्यापुढे उभे राहता त्याच्यावर तुम्हालाच विसंबता येत नसेल, तर मंडळी तुमच्यावर कशी विसंबणार? आईलाही त्याच्याच स्वाधीन करा. परीक्षेच्या दिवशी दोन्ही डोळे मिटलेले हवेत मला."

मास्तरांनी हे मनावर घेतलं. घरी सराव सुरू केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, जमलं का? म्हणाले, "स्वाधीन केलं की. पानटपरीपतुर गेली ती."

परीक्षेचा रविवार उजाडला. मास्तरांच्या अंगावर उसना पांढरा झगा, तोही खांद्यात मोठा. कटिंग मास्तराला तो कसा सोसला असेल देव जाणे. उपदेशाचा विषय नेमून दिलेला होता, मंडळीतली शिस्त. पहिल्या बाकावर भालेराव सर. दुसऱ्या बाकावर हिरव्या लुगड्यात आजी आणि त्यांच्या शेजारी, रात्रपाळी करून थेट आलेल्या वहिनी. सरांचा नियम म्हणून मास्तरांनी फोन बंद केला. मी बघितलं, दोनदा बघून बंद केला.

उपदेश बरा झाला. मग मोठी प्रार्थना. "आपण डोळे मिटू या," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खरोखर दोन्ही मिटले. वहिनींचे डोळे तर त्या वाक्याचीच वाट बघत होते. मास्तर घरावरून शेजारावर आले, शेजारावरून गावावर, गावातल्या आजाऱ्यांवर. मी त्या वेळी पेटीच्या भात्यात अडकलेला माझाच शर्ट सोडवत होतो. मान वर केली तर मास्तरांचा उजवा डोळा उघडलेला, आणि दुसऱ्या बाकावर आजींची जागा रिकामी.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले. मी त्यांच्या मागे धावलो. आमेन म्हणायला कुणीच उरलं नाही, हे माझ्या लक्षात बाहेर गेल्यावर आलं.

आधी ते हमरस्त्याकडे पळाले. ट्रक चालले होते. "हितनं ओलांडलं असंल तर..." एवढंच बोलायचे आणि पुढचं गिळायचे. रिक्षावाल्याला, फुगेवाल्याला, दिसेल त्याला विचारत होते, "आजी बघितली का, हिरवं लुगडं?" लोक आधी झग्याकडे बघायचे आणि मग नाही म्हणायचे. मी अनवाणी, पेटीवर बसताना चप्पल काढतो, डांबर तापलेलं. मास्तर एका जागी उभे राहिले. म्हणाले, "मिटले की रं मी डोळे. एकदाच मिटले."

तेवढ्यात वारा फिरला आणि मला वास आला.

चर्चच्या मागच्या गल्लीत एक बाई भाकऱ्या करून विकते. कडक भाकऱ्यांची चळत, बाजूला शेंगदाण्याची चटणी. आम्ही वळलो तर ती बाई भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या पाटावर सगुणाआजी. हात पिठाने माखलेले.

"तुमच्याच का ह्या?" बाई म्हणाली. "आल्या अन् म्हणाल्या, सरक, करपती. मी सरकले. पदरावरच्या नंबरावर फोन लावला, तर बंद लागतोय."

मास्तर गुडघ्यावर बसले. आजींनी झग्याकडे पाहिलं. त्यांना समोर आपले यजमान दिसत होते.

"झाली का तुमची प्रार्थना?"

"न्हाय अजून."

"मग जा की. मी हाय हितं."

"तू चल माझ्यासंगं."

"एवढी उलटू दे."

तिकडे चर्चमध्ये तीन वर्षांचा अभ्यास टांगणीला लागलेला, आणि आम्ही दोघं भाकरी फुगायची वाट बघत उभे. मास्तरांनी घाई केली नाही. भाकरी उतरली, आजींनी हात झटकले आणि निघाल्या.

चर्चच्या दारातून मी आत डोकावलो आणि जागीच थिजलो. सगळे डोळे मिटून बसले होते. आमेन झालं नव्हतं ना. त्या वर्षी मौन प्रार्थनेची नवी पद्धत निघाली होती, आणि मंडळीला वाटलं, हे तेच. कुणी मध्ये डोळे किलकिले केलेही असतील, पण शेजारच्याचे मिटलेले बघून परत मिटले असणार. भालेराव सर ताठ बसलेले, डोळे मिटलेले.

मी मास्तरांना खुणावलं, चढा, आमेन म्हणा, संपलं. कुणाला कळायचं कारण नव्हतं. मास्तरांनी आजींना बाकावर बसवलं. वहिनी दचकून जाग्या झाल्या, पिठाचे हात बघितले आणि तोंडावर हात धरला. मी पेटीपाशी परतलो, मास्तर वर गेले. थोडा वेळ उभे राहिले. परत एकदा बघत असावेत.

"मंडळी, डोळे उघडा," ते म्हणाले. "मी मधीच बाहेर गेलो होतो. आई गेली होती. प्रार्थना राहिलीय."

सगळे डोळे उघडले. माझा हात पेटीवर पडला आणि तिच्यातून बदकासारखा आवाज निघाला. त्या शांततेत आजी मोठ्याने म्हणाल्या, "किती लांबण लावता ओ. भाकऱ्या गार व्हायल्या की."

सर उठले. मला वाटलं, आता तिथेच निकाल देतात.

"रणपिसे, कुठपर्यंत आला होता?"

"आजाऱ्यांपतुर, सर."

सर दुसऱ्या बाकाकडे वळले. वहिनी सरकल्या. सर आजींच्या शेजारी बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "मग तिथून पुढं करा. मिटा दोन्ही. मी बघतो."

मास्तरांनी डोळे मिटले. गावापासून जगापर्यंत सगळी प्रार्थना केली. आजी दोनदा उठू लागल्या, सरांनी दोनदा हात धरून बसवलं. सरांचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. मला कसं दिसलं, हे आता विचारू नका.

मास्तर पास झाले. सर पुढे म्हणाले, उपदेशात शिस्त होती, उपासनेत नव्हती. पहिल्याचे गुण त्यांनी दिले. दीक्षा झाली, कारखाना सुटला, आणि मंद्रूपच्या बाजूलाच एका लहान मंडळीत नेमणूक झाली. आजी तिथे एक हिवाळा राहिल्या. घरातच, अंथरुणात गेल्या. कुठे हरवल्या नाहीत.

परवा तिथे पिकाच्या उपकारस्तुतीचा सण होता. त्यांचा पेटीवाला आजारी, म्हणून मला बोलावणं आलं. मास्तर थोडे वाळलेत. झगा मात्र आता नीट बसतो, स्वतः कापलेला. माझ्या पेटीपाशी येऊन त्यांनी भात्याची कडी तपासली, माझा शर्ट आत खोचलाय का ते बघितलं, आणि वर गेले. वेदीपुढे ज्वारीची कणसं, वांगी, एक कोंबडी पाय बांधून. बाहेर चुलीवर सगळ्यांचं जेवण. शेवटची प्रार्थना सुरू झाली. घर, शेजार, गाव. मी सवयीने मान वर केली.

उजवा डोळा उघडा होता आणि दाराकडे लागला होता. दाराशी आता कुणाची खुर्ची नव्हती. मला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. पण तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक तरुण बाई, पदर सावरत, कुणाला कळू नये अशी हळूच उठली आणि बाहेर चुलीकडे निघाली. मास्तरांचा डोळा तिच्याबरोबर उंबऱ्यापर्यंत गेला. तिथून तो माझ्याकडे वळला. प्रार्थना नुकती देशावर आली होती, जग अजून बाकी होतं.

"...आणि बाकीचं तुला ठाऊकच हाय, प्रभू," मास्तर म्हणाले. "आमेन."